रिकाम्या हॉलमधला यमन

मागच्या दिवाळीआधी रंगकाम काढलं आणि माझे स्पीकर बिघडले. म्हणजे मला तसं वाटलं. हॉल पूर्ण रिकामा होता, दिवाण, सोफा, पुस्तकांचं कपाट, पडदे, सतरंजी सगळं आतल्या खोलीत कोंबलेलं, आणि रंग वाळल्या वाळल्या मी काय केलं तर आधी स्पीकर आणून लावले. (बायकोचं म्हणणं आधी सोफा यायला हवा होता. बरोबरच होतं तिचं.) राग यमन लावला आणि दोन मिनिटांत बंद केला. बाईंचा आवाज पत्र्याच्या डब्यात तोंड घालून गायल्यासारखा, तानपुरा कानात टोचतोय, आणि डग्ग्याची घुमक तर संपायलाच तयार नाही, एक विरायच्या आत दुसरी येऊन तिच्यावर बसतेय.

पहिला संशय रंगवाल्या पोरावर. शिडी लावताना वायर ओढली असणार. एका स्पीकरची लाल-काळी वायर उलटी लागली की एका स्पीकरचा कोन (म्हणजे पुढचा हलणारा पडदा) बाहेर येतो तेव्हा दुसऱ्याचा आत जातो, खालचे सूर एकमेकांना खाऊन टाकतात आणि गाणारा माणूस मधे न बसता खोलीभर सांडतो. पण वायरी नीट होत्या. तरी पुण्यातल्या इलेक्ट्रॉनिक्सवाल्या तपकीर गल्लीत जाऊन जाड तांब्याची वायर घेऊन आलो, कारण माणसाला काहीतरी विकत घेतल्याशिवाय दुरुस्ती झाली असं वाटत नाही. फरक शून्य. तीन-चार मीटरला बऱ्यापैकी जाड साधी वायर चालते हे मला माहीत होतं हो, पण माहीत असणं वेगळं आणि खिसा गप्प बसणं वेगळं.

तिसऱ्या दिवशी आई म्हणाली, "अरे, त्या पाहुण्यांच्या गाद्या आतून काढ बाबा, मला पाय ठेवायला जागा नाहीये." कापसाच्या दोन जड गाद्या ओढत आणल्या, हॉलच्या बाजूच्या भिंतीला उभ्या केल्या, वर तिची गोधडी टाकली, आणि सवयीने गाणं लावलं तर बाई डब्यातून बाहेर! मी चक्क उठून टाळी वाजवून बघितली. आधी टाळी दोन उघड्या भिंतींमधे टर्रर्र करत फडफडायची, आता टाळीसारखी टाळी. मग गाद्या बाहेर नेल्या, टाळी, परत आणल्या, टाळी. आई दारात उभी राहून बघत होती, काही बोलली नाही.

हा उद्योग आधी हार्वर्डात एकाने करून ठेवलाय. 1895 साली तिथल्या फॉग म्युझियमच्या नव्या व्याख्यान हॉलमधे आवाज साडेपाच सेकंद घुमत राहायचा, मास्तरांचं वाक्य संपलं तरी पहिला शब्द हवेतच. वॉलेस सबीन नावाच्या तरुण प्राध्यापकाला सांगितलं, बघ काय ते. तर हा गडी रात्री शेजारच्या सँडर्स थिएटरमधल्या खुर्च्यांच्या गाद्या उचलून आणायचा, ऑर्गनची एक नळी वाजवायची, बंद करायची, आणि आवाज ऐकू यायचा थांबेपर्यंत स्टॉपवॉच धरून बसायचं. मग अजून थोड्या गाद्या. सकाळच्या आत सगळ्या जागेवर. त्यातून त्याने जे गणित बांधलं त्यावर बोस्टनचा सिम्फनी हॉल उभा राहिला, 1900 मधे, आणि आजही लोक त्याचं नाव काढतात. आमच्याकडे आईच्या गाद्यांवर फक्त यमन सुधारला, पण जात तीच.

डग्गा मात्र गाद्यांना दाद देईना. त्याचं कारण असं की तानपुऱ्यातले वरचे सूर म्हणजे बोटभर लांबीच्या लाटा, त्या कापसात जिरतात, पण 56 हर्ट्झची लाट सहा मीटर लांब असते. आमचा हॉल दहा फूट रुंद, त्यात ती बरोब्बर अर्धी मावते आणि मग भिंतीच डग्गा वाजवायला लागतात. चार इंचाच्या गादीने तिला काय होणार. तिथे उपाय एकच, हलवाहलवी. स्पीकर भिंतीला चिकटवले की खालचा आवाज, म्हणजे बेस, फुगतो, कोपऱ्यात तर जास्तच, आणि आपण मराठी माणसं शोकेसमधे कोपऱ्यात स्पीकर ठेवणार, वर गणपती.

यावर एक युक्ती आहे. स्पीकर उचलून आपल्या बसायच्या जागेवर ठेवायचा, आणि आपण जमिनीवर रांगत भिंतीकडेने कान लावत फिरायचं, जिथे डग्गा स्वच्छ ऐकू येईल ती स्पीकरची जागा. मी रांगत असताना कामाच्या मावशी आल्या. "दादा, काय हरवलं?" म्हटलं बेस. त्यापण बिचाऱ्या दिवाणाखाली वाकून बघायला लागल्या.

जागा मिळाली ती भिंतीपासून दोन फूट पुढे, म्हणजे टीपॉयच्या वाटेत. बायकोशी तह झाला, स्टँड राहतील पण पाहुणे आले की मागे सरकतील. उंची एवढी की छोटा कोन, तो ट्वीटर, बसलेल्या माणसाच्या कानासमोर येतो. सोफाही भिंतीपासून दीड फूट सुटा केला, कारण भिंतीला डोकं टेकून बसलं की बेस नुसता अंगावर येतो.

रात्री दहानंतर आवाज बारीक करावा लागतो ते दुखणं आहेच. आवाज कमी केला की कानाला खालचे सूर जास्तच कमी ऐकू येतात, फ्लेचर आणि मन्सन यांनी 1933 साली हे मोजून ठेवलंय, जुन्या अ‍ॅम्प्लिफायरवर लाउडनेसचं बटण असायचं ते त्याच्यासाठी. आमच्या पाचशेच्या कॅसेट प्लेयरवर पण होतं ते, आम्ही दिवसरात्र दाबून ठेवायचो. आता नव्या अ‍ॅम्पला ते नाहीये आणि मला आठवण येते.

गाद्या अर्थात परत लॉफ्टवर गेल्या. त्यांच्या जागी पुस्तकांचं कपाट आलंय, आणि सोफ्यासमोरच्या उघड्या पट्ट्यावर आईची गोधडी काठीला टांगून लावलीय, येणारे जाणारे विचारतात ही कुठल्या प्रदर्शनातून आणली, आई खूश. काल तिने ती धुवायला काढली. दोन दिवस ऊन नाहीये, तोपर्यंत हेडफोन.