वेटिंग रूम वाट बघत नाही

नाशिकरोड स्टेशनवरची ‘वेटिंग रूम’ म्हणजे वाट बघणारी खोली नव्हे, वाट बघण्याची खोली. म्हणून ते ‘वेटिंग’ जेरंड, म्हणजे नामाचं काम करणारं. फलाटावरचा ‘वेटिंग पॅसेंजर’ मात्र खरोखरच ताटकळत असतो. तिथलं ‘वेटिंग’ पार्टिसिपल, विशेषणाच्या कामाचं. बोलतानाही फरक कळतो: खोलीच्या बाबतीत मुख्य जोर ‘वेटिंग’वर, प्रवाशाच्या बाबतीत ‘पॅसेंजर’वर.

जुन्या इंग्रजीत हा घोळ नव्हता. क्रियापदाचं नाम करताना ‘उंग’ किंवा ‘इंग’ लागायचं, विशेषण करताना ‘एंडे’. मध्ययुगात दोन्ही एकाच ‘इंग’मध्ये मिसळले आणि निस्तरणं आलं कॉलेज रोडच्या क्लासवाल्यांवर. हडलस्टन आणि पुलम या व्याकरणकारांनी तर २००२ साली ‘जेरंड-पार्टिसिपल’ असं एकच नाव देऊन टाकलं. परीक्षेला ते चालत नाही, हा भाग वेगळा.

आपल्याकडे ‘चालणं’ निराळं आणि ‘चालणारा, चालत, चालताना’ निराळं. मनात मराठी केलं की निम्मं काम होतं. तरी मुलं फसतात ती ‘इज’पाशी. ‘इज’ आणि पुढे ‘इंग’ दिसलं की चालू काळ, असं डोक्यात पक्कं बसलेलं असतं. मग ‘माय हॉबी इज वॉकिंग’चं काय करायचं? वाक्य उलटवायचं. ‘वॉकिंग इज माय हॉबी’ छान उभं राहतं, म्हणजे जेरंड. ‘माय ब्रदर इज वॉकिंग’ उलटवून बघा. भावाचं काय होतं ते कळेल.

शब्दयोगीनंतर, म्हणजे प्रिपोझिशननंतर, ‘इंग’ आलं तर जेरंडच. ‘लुक फॉरवर्ड टू’मधला ‘टू’ही शब्दयोगीच, म्हणून पुढे ‘मीटिंग यू’. ‘मीट यू’ नाही.

पण मराठीच दगा देते अशीही एक जागा आहे. ‘रामकुंडावरून चालत जाताना काळाराम मंदिर दिसलं’ हे आपल्या कानाला चोख लागतं, कारण ‘ताना’चा कर्ता बाहेरचा असला तरी आपलं अडत नाही. ‘वॉकिंग फ्रॉम रामकुंड, द टेंपल केम इंटू व्ह्यू’ असं केलं की इंग्रजीत देऊळच चालायला लागतं. तिथे स्वल्पविरामानंतर चालणारा माणूस हवा: ‘वी सॉ द टेंपल’.