पोरीचा गेम आणि माझा चटणीचा डबा

पोरीनं मोबाईलवर प्लास्टिक रिसायकलिंगचा गेम घेतलाय, वरनं बाटल्या-डबे पडत राहतात आणि आपण त्यांच्या तळाचा त्रिकोणातला, प्लास्टिकचा प्रकार सांगणारा आकडा बघून पटापट वेगळं करायचं, मी पहिल्याच लेव्हलला आउट! पाण्याची बाटली 1 म्हणजे पीईटी नावाचं प्लास्टिक, पण तिचं झाकण वेगळ्याच प्लास्टिकचं, हे मला चाळिशीत कळतंय बघा. चिप्सचं पाकीट तर लई डोकं खातं, आतला चकचकीत थर प्लास्टिकपासून सुटतच नाही ना. पीईटीचा पुढं पॉलिस्टर धागा होतो, आता सोलापूरकराला धाग्याचं काय सांगायचं! काल शेंगाचटणीचा रिकामा डबा टाकायला निघालो तर मागनं आवाज, "पप्पा, तेलकट आहे की ओ, आधी धुवा." तळाला 5 होता, म्हणजे पीपी (पॉलिप्रोपिलीन) प्लास्टिक. धुतला गपचूप.