मरीनांचा 'डॉक' आणि ढिला पट्टा

आजच्या टूर्निकेटच्या (रक्तस्राव थांबवायला हातापायावर आवळायचा पट्टा) सरावात बहुतेकांचं एकाच ठिकाणी अडलं: पट्टा ढिला ठेवून तो आवळणारी दांडी फिरवायची घाई. मग दांडी नुसती फिरत राहते, पट्टा चुरगळतो आणि रक्त काही थांबत नाही. आधी पट्टा हाताने करकचून ओढा, खाली तीन बोटांची टोकं शिरता कामा नयेत. मग दांडी. जखमेच्या वर दोन-तीन इंच, सांध्यावर कधीच नाही. रक्त थांबलं की दांडी अडकवा, वेळ लिहा. दुखणारच, म्हणून सैल करू नका.

अमेरिकी नौदलाचे कॉर्प्समन, म्हणजे वैद्यकीय सैनिक, हेच घोकतात. तिथल्या मरीन दलाला (समुद्रातून किनाऱ्यावर उतरून लढणारं सैन्य) स्वतःचे वैद्यकीय सैनिक नाहीत. १८९८ साली उभ्या राहिलेल्या नौदलाच्या हॉस्पिटल कोअरची माणसं त्यांच्यासोबत जातात. गोळीबार चालू असेल तर जखम शोधत बसायचं नाही, पट्टा हातापायाच्या मुळाशी, कपड्यावरूनच. जांघेत, काखेत तो बसत नाही. तिथे रक्त गोठवणारं गॉज जखमेत खोलवर कोंबून किमान तीन मिनिटं दाबायचं. मधेच उचलून बघितलं की गुठळी सुटते.

विश्वास कमावला की मरीन कॉर्प्समनला 'डॉक' म्हणतात. चिडवतातही: काहीही दुखो, ८०० मिलिग्रॅम आयबुप्रोफेन घे, पाणी पी, मोजे बदल! (मोज्यांवर हसू नका, ओल्या पायांनी अख्खी तुकडी लंगडते.) जहाजावरची बोली दोघांची सामाईक: संडास 'हेड', पायाखालची फरशी 'डेक', अफवा 'स्कटलबट', वाळवंटातल्या तंबूतसुद्धा.