गिल्बर्ट हिल: दुपारी जाऊ नका, आणि वर चढण्याआधी पायथ्याशी थांबा

रविवारी सकाळी साडेसातला अंधेरी पश्चिमेला उतरलो. सोबत दहावीतली भाची आणि ओळखीच्या गवंड्याकडून आणलेली तीन मीटरची पारदर्शक नळी. रिक्षावाल्याला ‘गिल्बर्ट हिलवरचं गावदेवी मंदिर’ असं सांगा. नुसतं ‘गिल्बर्ट हिल’ म्हटलं तर रस्त्यावरच कुठेतरी सोडतात. मे महिन्यात मी भर दुपारी आलो होतो, तेव्हा दगड असा तापला होता की हात टेकवत नव्हता. पावसाळ्यात पायऱ्या निसरड्या होतात. हिवाळ्यातली सकाळ उत्तम.

बहुतेक लोक थेट वर जातात, दर्शन घेतात, फोटो काढतात. तसं करू नका. खरी गोष्ट पायथ्याशी आहे. सुमारे 200 फूट उंच काळा कातळ, आणि त्यात शेजारी शेजारी उभे खांब. लाव्हा थंड होताना आकसला, तडकला आणि हे बहुकोनी खांब तयार झाले. वय सहा कोटी वर्षांहून जास्त. याला वारसास्थळाचा दर्जा मिळाला, तरी घरं अगदी कडेला येऊन भिडली आहेत. हे पाहून दरवेळी जीव कळवळतो.

“मामा, हा लाव्हा येण्याआधी कुणाला कळलं असतं का?” भाचीने विचारलं.

नळी त्यासाठीच आणली होती. वर चौथऱ्यावर कडेपासून लांब बसलो, नळीत पाणी भरलं, दोन्ही टोकं दोन बाटल्यांना चिकटपट्टीने उभी बांधली आणि पाण्याच्या पातळीवर पेनाने खुणा केल्या. मग भाचीने तिच्या बाटलीखाली सेंटीमीटरभर जाडीची वही सरकवली. तिच्याकडचं पाणी खुणेखाली अर्धा सेंटीमीटर उतरलं, माझ्याकडचं तेवढंच चढलं. ती बराच वेळ वही काढत-घालत राहिली.

हवाईच्या किलाउआ ज्वालामुखीवर याच तत्त्वाच्या पाण्याच्या नळ्या वापरून जमिनीचा कल मोजला गेला. शिलारस, म्हणजे जमिनीखालचा वितळलेला खडक, खालून भरू लागला की डोंगर फुगतो. वाट मिळाली की बसतो. आजची कलमापकं एक किलोमीटर लांब दांडीचं टोक एक मिलिमीटर उचललं गेलं तरी सांगतात. आमच्या नळीवर ते 0.003 मिलिमीटर होईल, केसाहून कितीतरी बारीक. सोबत जीपीएस आणि उपग्रहाचं रडार असतं.

भूकंपमापक दुसरी बाजू सांगतो. खडक तडकला की तीक्ष्ण धक्का, द्रव सरकला की संथ, सलग थरथर. आइसलंडमध्ये नोव्हेंबर 2023 मध्ये ग्रिंडाविकखाली भूकंपांची रांग लागली, जमीन सरकली आणि 10 तारखेच्या रात्री गाव रिकामं केलं. उद्रेक 18 डिसेंबरला झाला. पण फुगवटा दिसला म्हणजे तारीख कळते असं नाही: 1980 मध्ये अमेरिकेतल्या सेंट हेलेन्स ज्वालामुखीची उत्तर बाजू रोज दीड मीटरच्या आसपास बाहेर येत होती, तरी 18 मेच्या सकाळी उद्रेक होईल हे आधी कुणी सांगू शकलं नाही.

मुलांना घेऊन जाणार असाल तर नळी नक्की न्या. पाणी भरताना आत बुडबुडा राहू देऊ नका, नाहीतर पातळी खोटी दिसते. पाण्यात चिमूटभर हळद घातली की खूण लांबूनही वाचता येते. आणि देवळाच्या आवारात काही मांडण्याआधी तिथल्या माणसांना विचारा. आम्ही विचारलं, तर त्यांनीच सावलीची जागा दाखवली.