रक्त बहिणीचं, त्वचेत मात्र अजून भाऊ

आज दिवसभर फ्लुरोसन्स मायक्रोस्कोपला डोळे लावून बसले होते, अजून ते ठिपके डोक्यातून जात नाहीयेत. बहिणीनं भावाला बोन मॅरो दिला, रक्ताची चिमेरिझम टेस्ट (कुणाच्या पेशी किती ते सांगणारी) १०० टक्के डोनर, म्हणजे रक्तपेशी सगळ्या तिच्या, मग अंगावर पुरळ आलं म्हणून स्किन बायोप्सी. फिश टेस्टमध्ये (क्रोमोझोमला चमकणारा रंग लावून बघतात ती) आमच्याकडे एक्स क्रोमोझोम केशरी चमकतो आणि वाय हिरवा, सोबत टी सेल (रोगप्रतिकारक पांढऱ्या पेशी) ओळखायला त्यांच्यावरच्या सीडी३ प्रथिनाचा स्टेन. दोन केशरी दिसले तर बहिणीची पेशी, केशरी-हिरवा असेल तर भावाची. आणि डर्मिसमध्ये, म्हणजे त्वचेच्या आतल्या थरात, बारीक रक्तवाहिनीशेजारी चक्क भावाच्या टी सेल्स! एवढी केमो झेलून टिकल्यात, मी बघतच राहिले. (हिरवा दिसला नाही म्हणून लगेच बहिणीची म्हणायचं नाही हं, सेक्शन कापताना न्यूक्लियस अर्धा कापला जातो, म्हणून शेजारच्या केराटिनोसाइट्समध्ये, म्हणजे त्वचेच्या मूळ, भावाच्याच पेशींमध्ये, हिरवा किती दिसतो ते आधी मोजायचं.) जीव्हीएचडी (ग्राफ्ट व्हर्सेस होस्ट डिसीज) म्हणजे डोनरच्या पेशींचा पेशंटच्या शरीरावर हल्ला हेच आम्ही शिकलो, पण २०२० मध्ये छापून आलेल्या संशोधनात पेशंटच्या त्वचेतल्या जुन्या टी सेल्सही त्या दाहात सामील असलेल्या दिसल्या. म्हणून मला मनापासून वाटतं, नुसत्या रक्ताच्या आकड्यावर थांबू नये, त्वचाही बघावी. उद्या याच ब्लॉकवर (मेणात बसवलेला बायोप्सीचा तुकडा) लँगरहान्स सेल्स, म्हणजे त्वचेतल्या पहारेकरी पेशी, बघायच्यात, त्या कुणाच्या निघतात ते.