गहाण सावलीचा हिशेब

वाचक एक मोठी थाप बिनतक्रार पचवतो. तिच्या मागून आलेली बारीक चूक मात्र त्याला गोष्टीतून उठवते. अविश्वास स्वखुशीने बाजूला ठेवण्याची गोष्ट इंग्रज कवी कोलरिजने १८१७ साली मांडली. ती खुशी शेवटच्या पानापर्यंत टिकवणं हे लेखकाचं काम.

समजा थाप अशी: नागपुरातल्या इतवारीतला सावकार माणसाची सावली गहाण ठेवून घेतो आणि लांबीवर पैसे देतो. आता सगळ्यात आधी लबाड गिऱ्हाइकाच्या डोक्याने विचार करा. तो दिवस कलताना येईल. सूर्य क्षितिजाच्या दहा अंश वर असला की सावली उंचीच्या साडेपाचपटीहून लांब होते, म्हणजे सावकाराचं दिवाळंच. म्हणून नियम लागतो: माप फक्त मध्यान्हीचं. तेही घड्याळातल्या बाराचं नाही. नागपुरात मेअखेरीस सूर्य डोक्यावर येतो तो १२ वाजून १० मिनिटांच्या सुमारास.

एवढं ठरलं की भाव आपोआप ठरतात. नागपूर २१ अंश उत्तरेला आहे. २२ डिसेंबरच्या मध्यान्ही सावली जवळपास माणसाच्या उंचीएवढी असते. मेच्या शेवटच्या आठवड्यात एक दिवस ती पायाखाली नाहीशी होते. तिथून जुलैच्या मध्यापर्यंत मध्यान्हीची सावली दक्षिणेला पडते, त्यामुळे जूनच्या प्रसंगात ती उत्तरेला दाखवाल तर चुकाल. आता शेतकऱ्याकडे बघा. बियाण्यासाठी पैसा हवा तेव्हाच सावली चार बोटांची, आणि मृगाचे ढग आले की तेवढीही नाही. संघर्ष बाहेरून आणावा लागला नाही. नियम नेटाने पाळण्याचं हे बक्षीस मला फार मोलाचं वाटतं.

सावली गमावण्याची किंमतही ठरवा. सावली गेलेल्याला कुठलीच सावली गारवा देत नाही, असं म्हटलंत तर ४५ अंशांत तो फुटाळा तलावाच्या काठी झाडाखाली निवांत बसलेला दिसता कामा नये. कूलरची हवा लागते की नाही? उत्तर कोणतंही चालेल, पण ते वहीत लिहा, सोबत प्रकरणाचा आकडा टाका. नायकाला वाचवणारा नियम त्याच्यावर वेळ येण्याच्या बऱ्याच आधी, दुसऱ्याच कुणाच्या कामात दिसून गेलेला हवा.

समजावून सांगू नका. त्या जगातल्यांना याचं नवल नसतंच. चहावाला एवढंच विचारेल, "काहून गा भाऊ, औंदा बी सोडवली नाही का?"

आणि रात्रीचं काय? गहाण टाकणाऱ्याची दिव्याखाली सावली पडते का, हे रात्रीच्या पहिल्या प्रसंगाआधी ठरवा. पडत असेल, तर कर्जात बुडालेलं घर मुलगी बघायला येणाऱ्या पाहुण्यांना दिवेलागणीनंतरच बोलावेल.