कुंचला काढून घेणे मी का थांबवले

चित्रकला शिक्षिका म्हणून प्राथमिक शाळेत रुजू झाले, तेव्हा माझ्या वाट्याला पहिली ते पाचवीचे १४ वर्ग आले. प्रत्येक वर्गाशी भेट आठवड्यातून एकदाच, तीही ४० मिनिटांची. वर्गशिक्षकांना मुलांच्या सवयी, रुसवेफुगवे, आदल्या दिवशीची भांडणे ठाऊक असतात. मला पहिले दोन महिने त्यांची नावेसुद्धा नीट येत नव्हती. ज्याचे नाव आपल्याला घेता येत नाही, त्या मुलाला थांबवणे फार अवघड असते. ‘निळा सदरा, खाली बस’ अशा हाकेला कोणतेही मूल मनापासून ओ देत नाही.

चौथीचा एक तास मला अजून जसाच्या तसा आठवतो. जलरंगांचा तो पहिलाच तास होता. रंग पातळ कसा करावा हे मी फळ्याजवळ उभी राहून सांगत होते, पण रंगपेट्या, कुंचले आणि पाण्याचे पेले मुलांच्या हातात आधीच पोहोचले होते, त्यामुळे माझे बोलणे कोणाच्याच कानांवर पडत नव्हते. दोन पेले कलंडले. तासाच्या मध्यावर मागच्या बाकावरच्या एका मुलाने शेजारणीच्या चित्रावर काळ्या रंगाचा जाड पट्टा ओढला आणि ती रडू लागली. मी ओरडले, त्याच्या हातातला कुंचला काढून घेतला आणि त्याला हाताची घडी घालून बसवले. उरलेला वेळ तो बाकावर टाच आपटत राहिला. पुढचे कित्येक आठवडे माझ्याजवळ हाच एक उपाय होता: दंगा केला की कुंचला बंद. हळूहळू माझ्या लक्षात आले की दर आठवड्याला त्याच चार-पाच मुलांचे कुंचले माझ्या टेबलावर जमा होत होते, आणि त्यांपैकी कोणीही तो परत मागायला येत नव्हते.

शेवटी मी एका ज्येष्ठ सहकारी बाईंना माझ्या तासाला येऊन बसण्याची विनंती केली. त्या घड्याळ समोर ठेवून मागे बसल्या आणि तास संपल्यावर त्यांनी मला मुलांविषयी एक शब्दही न सांगता एवढेच दाखवले की ४० पैकी १३ मिनिटे मुले नुसती कशाची तरी वाट पाहत होती: कागद मिळण्याची, पाणी भरून येण्याची, बेसिनजवळच्या रांगेची. प्रत्येक भांडण याच १३ मिनिटांत झाले होते. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जेकब कूनिन यांचे काम त्यांनी मला त्याच दिवशी सांगितले. शांत वर्ग आणि गोंधळाचा वर्ग यांतला फरक शिक्षक गैरवर्तनानंतर काय करतात यावरून फारसा ठरत नाही; ते घडण्यापूर्वी वर्गावर त्यांची नजर कशी असते आणि कामाची गती ते कशी राखतात यावरून ठरतो, असा त्यांचा १९७० साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष आहे.

त्यानंतर मी मुलांना सुधारण्याचा ध्यास सोडून तासाची मांडणी बदलली. सूचना आणि प्रात्यक्षिक आधी, साहित्य नंतर, हा क्रम मी पुन्हा कधीही मोडला नाही. प्रत्येक गटासाठी एक ट्रे आधीच भरून ठेवू लागले. पेल्यावर एक तृतीयांश उंचीवर रेघ मारली आणि त्यापेक्षा जास्त पाणी भरायचे नाही असे ठरवले, कारण तेवढे पाणी सांडले तरी एका फडक्यात टिपले जाते. आवरण्याचे काम घंटेच्या आठ मिनिटे आधी सुरू होऊ लागले. बेसिनकडे सगळा वर्ग न जाता प्रत्येक गटातले एकच मूल जाई. नावांसाठी मुलांनीच घडीच्या कागदाच्या पाट्या रंगवल्या आणि त्या प्रत्येक तासाला बाकावर उभ्या राहू लागल्या. कात्रीपुरती मात्र मी सूट ठेवली नाही: ती जागेवर बसूनच वापरायची, आणि नियम मोडला तर त्या दिवशी कागद हाताने फाडून काम करायचे. काम थांबत नसे, फक्त हत्यार बदलत असे. दीड महिन्यात बहुतेक वर्ग स्थिरावले.

काळा पट्टा ओढणारा मुलगा मात्र स्थिरावला नाही. तो आता स्वतःचे कागदही चुरगळू लागला. एकदा मधल्या सुट्टीत मी त्याच्या शेजारी बसले आणि काही न विचारता चित्र काढत राहिले. बऱ्याच वेळाने तो म्हणाला, “बाई, मला हात काढता येत नाहीत. सगळे हसतात.” कलाशिक्षणतज्ज्ञ व्हिक्टर लोवेनफेल्ड यांनी नोंदवले आहे की साधारण नवव्या वर्षापासून मुलांना आपले चित्र खऱ्यासारखे दिसावेसे वाटू लागते. मी हे प्रशिक्षणात वाचले होते, परीक्षेत लिहिलेही होते. पण नऊ वर्षांचा हा मुलगा दर आठवड्याला त्याच अडचणीला तोंड देत होता, हे मला दिसले नव्हते. कुंचला काढून घेऊन मी त्याला शिक्षा करत नव्हते, त्याची सुटका करत होते.

पुढच्या तासापासून प्रत्येक विषयाला मी दुसरी वाट ठेवली: रेखाटन नको असेल त्याने कागद फाडून चिकटवावा, ठसे उमटवावेत किंवा फक्त रंगछटा कराव्यात. शेजारणीची त्याने माफी मागितली; पण तिने त्याच्याजवळ बसायला नकार दिला आणि मी तो मान्य केला, कारण तिचे चित्र खरोखरच गेले होते. त्याच्या आईला तोवर मी दोनदा फोन केला होता, दोन्ही वेळा तक्रारीसाठी. तिसरा फोन मी त्याच्या एका कोलाजविषयी सांगण्यासाठी केला, तेव्हा त्या क्षणभर काहीच बोलल्या नाहीत. हा फोन मी पहिल्या आठवड्यात करायला हवा होता.

तो आता पाचवीत आहे. त्याच्या वर्गाचा माझा तास शुक्रवारी सर्वांत शेवटी येतो, मुले थकलेली असतात, म्हणून त्या वर्गाला मी जलरंगांऐवजी बहुधा माती देते. कागद तो अजूनही कधीकधी चुरगळतो. पण तो स्वतःचा असतो, आणि दुसरा मागायला तो माझ्याकडे येतो.